नोकरी, धंदा आणि धोका : मुंबईतली पार्श्वभूमी

मुंबईत नोकरी सोडून धंद्यात पडण्याचा विषय निघाला की आधी 1982 चा गिरणी संप आठवला जातो. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीवर मात्र फारच कमी. आजचा पगारदार धोक्याचा जो हिशोब मांडतो, तो खरं तर तिथे शिकला गेला.

गिरण्यांचा काळ आधी थोडक्यात. बदली कामगार म्हणून लागायचं, रोज फाटकावर उभं राहायचं, बोलावलं तर काम. पर्मनंट व्हायला वर्षं जायची. या कच्च्या नोकरीला टेकू होता गावाकडच्या जमिनीचा. 1928 चा संप सहा महिने चालला, त्यामागे कोकणात आणि घाटावर परत जाऊन दिवस काढता येत होते हेही एक कारण. दुसरा टेकू खानावळीचा. महिन्याच्या उधारीवर जेवू घालणारी बाई हीच गिरणगावातली खरी छोटी उद्योजक. पगार तुंबला की पहिला फटका तिला. 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये या बायका संघटित झाल्या आणि गटाच्या भरवशावर त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. तोवर सावकाराशिवाय दार नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लोक भाजी विकू लागले, वॉचमन झाले, वडापावची गाडी लावू लागले. मुलाला रिक्षा घेऊन दिली तरी ती शहर भागात चालवायला बंदी, त्यामुळे लालबागच्या पोराला धंद्यासाठी माहीम-शीवच्या पलीकडेच जावं लागे. फेरीवाल्यांना नवे परवाने देणं पालिकेने 1978 च्या सुमारास थांबवलं होतं. म्हणजे संपानंतर कढई मांडणारा पहिल्या दिवसापासून बेकायदा. पालिकेची गाडी दिसली की शेगडी, तेलाचा डबा, पावाची लादी उचलून गल्लीत पळायचं. सापडलं तर दंड भरून सामान सोडवायचं, पीठ आणि भाजी गेली ती गेलीच. हप्ता वेगळा, तो कुठल्या वहीत लिहीत नाहीत. वडे खपतील का, हा या सगळ्यातला सर्वांत लहान धोका होता.

आता बँकांकडे. 2000 च्या अखेरीस सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. 15 वर्षं नोकरी किंवा 40 वर्षं वय, एवढी पात्रता. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 60 दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीला उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी ते एकरकमी. पन्नाशीतल्या, 25 वर्षं सर्व्हिस झालेल्या क्लार्कच्या हातात 50 महिन्यांचा पगार येणार. 57 व्या वर्षी मात्र 35 वर्षं सर्व्हिस असली तरी 36 महिन्यांचाच. म्हणजे मोह नेमका त्यांना, ज्यांच्यापुढे अजून दहाएक वर्षांचा घरखर्च उभा होता. देशभरात सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. डोंबिवली, ठाणे, पार्ले, बोरिवली इथल्या कितीतरी घरांत त्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता.

यातली ‘स्वेच्छा’ कितपत खरी, यावर तेव्हाही वाद होता. एकीकडे कॉम्प्युटर येत होते, दुसरीकडे लांबच्या शाखेत बदलीची टांगती तलवार होती. अशा वातावरणात भरलेला अर्ज स्वखुशीचा म्हणणं मला तरी जड जातं. त्यात अट अशी की एकदा अर्ज दिला की मागे घेता येणार नाही. अनेकांनी सही केली, नंतर शांतपणे आकडेमोड केली आणि माघार घ्यायला गेले. बँका ऐकेनात. प्रकरणं उच्च न्यायालयांत गेली, निकाल वेगवेगळे लागले, आणि शेवटी डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा केला : योजना म्हणजे बँकेचं आमंत्रण, अर्ज हा कर्मचाऱ्याचा प्रस्ताव, आणि प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत तो मागे घेण्याचा हक्क आहे. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे उचलले त्यांना परत फिरता येणार नाही. निकाल येईपर्यंत बहुतेकांचे पैसे उचलून झाले होते, कुणाचे तर गुंतवूनही.

गुंतवणुकीत तर सगळा हिशोबच उलटा झाला. मुदत ठेवींचं व्याज 2003 पर्यंत घसरतच गेलं. मध्यमवर्गाची डोळे झाकून भरवशाची युनिट ट्रस्टची ‘यूएस-64’ ही गुंतवणूक योजना जुलै 2001 मध्ये सहा महिन्यांसाठी गोठवली गेली. दुकान टाकणाऱ्याला वेड्यात काढून ज्यांनी पैसे ‘सेफ’ ठेवले, तेच आधी पोळले. दुकानवालेही सगळे तरले असं नाही. एसटीडी बूथ मोबाइलने खाल्ले. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही आटलं. पोळीभाजी केंद्रं आणि क्लासेस मात्र बरे चालले. माझ्या पाहण्यात जे धंदे टिकले, त्या घरांत बहुधा बायकोचा पगार चालू होता. यशोगाथांमध्ये तिचा उल्लेख फारसा येत नाही.

योगायोग असा की त्याच 2000 साली लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सरकारी हमी निधी सुरू झाला. किराणा-कटलरीची किरकोळ दुकानदारी मात्र त्यात बसत नव्हती. पुढे 2014 ला फेरीवाल्यांचा कायदा आला, 2015 ला दहा लाखांपर्यंतची मुद्रा कर्जं आली, 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला गुमास्ता नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरू लागली, आणि 2020 ला फेरीवाल्यांसाठी 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज निघालं. कागद सोपे झाले हे मान्यच करायला हवं. पण मुंबईत अधिकृत फेरीवाला कोण, हे भांडण कायद्यानंतरही वर्षानुवर्षं चालूच राहिलं. मधेच सप्टेंबर 2019 मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत 1,000 रुपयेच काढण्याची मुभा होती. ज्या दुकानदारांची चालू खाती तिथे होती, त्यांचा माल अडला तो धंद्यातल्या चुकीमुळे नव्हे.

भिशी अजून टिकून आहे ती त्यामुळेच. वीसजणांनी महिन्याला पाच हजार काढायचे. लिलावात जो जास्त सूट सोडेल त्याने त्या महिन्याच्या लाखातून सूट वजा करून उरलेले पैसे उचलायचे, सुटलेली रक्कम बाकीच्यांत वाटून घ्यायची. गाळ्याचं डिपॉझिट अशाच पैशांतून भरलं जातं. आयटीआर, म्हणजे आयकराचं विवरणपत्र, कुणी मागत नाही, भिशी चालवणारा पळाला तर दादही नाही.

नोकरी सोडू पाहणाऱ्या तिशीतल्या मुलांनी बँकांची रीत चांगली ओळखली आहे. तीन पगारपत्रकं दाखवली की कर्ज लवकर मंजूर होतं. स्वतःच्या धंद्यावर मागितलं तर दोन-तीन वर्षांचे आयटीआर लागतात. म्हणून आधी गृहकर्ज मंजूर करून घ्यायचं, क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायची, जमलं तर वैयक्तिक कर्जही उचलायचं, आणि मग एचआरला राजीनाम्याचा मेल टाकायचा.