तुमच्या मुलाच्या हॉकी संघाचा कोच कसा निवडला जातो

यंदा तुमच्या असोसिएशनने आइस हॉकीच्या स्पर्धात्मक संघांसाठी कोच निवडायचं काम आमच्याकडे दिलं आहे. अर्जांची छाननी, उमेदवारांचे सराव पाहणं, मुलाखती आणि शेवटी असोसिएशनच्या बोर्डाकडे शिफारस, एवढं आम्ही करतो. नेमणुकीवर सही बोर्डाचीच असते. पालक दर सीझनला आम्हाला या निवडीबद्दल तेच ते प्रश्न विचारतात आणि ते रास्त असतात, म्हणून हे पत्रक.

हाउस लीगमध्ये येईल त्याला जागा मिळते, आणि कोणाचे तरी आई-बाबाच कोच होतात. तिथे एवढा खटाटोप लागत नाही. स्पर्धात्मक संघात ट्रायआउट, म्हणजे मुलांची निवड चाचणी, होतं, काही मुलं घेतली जातात, काही राहतात. मग आठवड्यातून तीन-चार वेळा रिंकवर जाणं आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांसाठी प्रवास. घरची आणि शाळेतली माणसं सोडली तर त्या वयातल्या मुलावर सगळ्यात जास्त छाप कोचचीच पडते.

अर्ज वाचण्याआधी

पहिली चाळणी मुलांच्या सुरक्षिततेची. अमेरिकेत यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार प्रत्येक कोचची पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्याला सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळातला छळ आणि गैरवर्तन रोखण्याचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. कॅनडात लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी पोलिसांची वेगळी पडताळणी आहे, शिवाय ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा त्याच धर्तीचा कोर्स. ही कागदपत्रं पूर्ण नसतील तर आम्ही अर्ज पुढे वाचतच नाही. उमेदवार पूर्वी कितीही मोठ्या पातळीवर खेळलेला असो, इथे सवलत नाही.

दुसरी चाळणी प्रमाणपत्रांची. यूएसए हॉकीच्या कोचिंग कार्यक्रमात पायऱ्या आहेत आणि एका सीझनमध्ये एकच पायरी चढता येते, शिवाय ज्या वयोगटाला शिकवायचं त्याचं वेगळं मॉड्यूल. प्रमाणपत्र आहे म्हणून कोच चांगला, असं आम्ही म्हणत नाही. पण ते वेळेत पूर्ण करणारा माणूस बाकीची कामंही सहसा वेळेत करतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे.

सराव पाहतो तेव्हा

आमच्या मते निवडीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बायोडेटात जिंकलेल्या स्पर्धा लिहिलेल्या असतात, पण जिंकण्यात मुलांचा वाटा किती आणि कोचचा किती, ते कागदावरून कळत नाही.

आम्ही काचेमागे उभे राहतो आणि एकच मूल निवडतो. सगळ्यात चपळ नाही आणि सगळ्यात मागे पडणारंही नाही, मधलं. ते बर्फावर हलायला लागलं की स्टॉपवॉच चालू, रांगेत थांबलं की बंद. कोच फळ्यावर आकृती काढून बोलत राहिला आणि मुलं स्टिकवर हनुवटी टेकून ऐकत राहिली, तर घड्याळ बंदच राहतं. यूएसए हॉकीने 2009 मध्ये आणलेल्या अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेलमध्ये बर्फाचे भाग पाडून छोट्या गटांत खेळवण्यावर भर आहे तो याचसाठी: प्रत्येक मुलाच्या स्टिकला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, जास्त वेळा लागावा. ज्यांना हे जमतं त्यांच्या सरावात आमचं घड्याळ क्वचितच थांबतं.

मग गोलीकडे, म्हणजे गोलरक्षकाकडे, पाहतो. पुष्कळ सरावांत गोली म्हणजे बाकीच्यांना नेम धरायला उभं केलेलं मूल. कोच तासाभरात एकदा तरी त्याच्याजवळ जाऊन, गुडघा टेकून, त्याच्या उंचीवर येऊन दोन शब्द बोलला का, हे आम्ही लिहून ठेवतो.

मुलाखत

मुलाखतीत व्यूहरचनेचे प्रश्न थोडेच असतात. एक प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो: शेवटची दोन मिनिटं, एका गोलने मागे, आणि पाळी तिसऱ्या लाइनची, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या गटांपैकी सहसा कमी ताकदीच्या गटाची. कोणाला पाठवाल? बारा वर्षांखालच्या संघासाठी एक उत्तर चालेल, सोळा वर्षांखालच्या संघासाठी दुसरं. आम्हाला पाहायचं असतं ते एवढंच, की उमेदवाराने यावर आधी विचार केलेला आहे का आणि तो सीझनच्या सुरुवातीलाच पालकांना तसं सांगणार आहे का. बेंचवर बसलेल्या मुलापेक्षा कारण न कळलेलं मूल जास्त दुखावतं.

दुसरा प्रश्न बॉडी चेकिंगचा, म्हणजे पक असलेल्या खेळाडूला अंगाने धक्का देऊन अडवण्याचा. अमेरिकेत 2011 पासून बारा वर्षांखालच्या गटात ते बंद आहे, कॅनडात अकरा-बारा वर्षांच्या गटात 2013 पासून. म्हणून या वयोगटाच्या कोचने अंग कसं सावरायचं, समोरच्याला कडेला नेण्यासाठी कोन कसा धरायचा, रिंकच्या कडेच्या भिंतीजवळ मान कशी वर ठेवायची, हे शिकवायलाच हवं. पुढच्या गटात गेल्यावर पहिला धक्का बसतो तेव्हा मुलाला ते आधीच ठाऊक असलं पाहिजे.

स्वतःचं मूल संघात असेल तर

सगळ्यात जास्त कुजबुज होते ती याच मुद्द्यावर. मूल संघात नसलेला मुख्य कोच आम्ही ट्रायआउटच्या आधी जाहीर करायला सांगतो. पालकांना कळतं की आपलं मूल कोणाच्या हाताखाली जाणार. पालक-कोचचं नाव मात्र संघ ठरल्यावरच जाहीर व्हावं, असा आमचा आग्रह आहे. एका असोसिएशनमध्ये नाव आधी फुटलं, आणि शेवटच्या जागेवर कोचच्या मित्राचा मुलगा आला. कदाचित तो त्या जागेच्या लायकही असेल. पण त्या सीझनमध्ये त्याला स्टँडमधून कोणी मनापासून टाळी दिली नाही, आणि त्यात त्या मुलाचा काय दोष?

म्हणून ट्रायआउटचे गुण बाहेरचे परीक्षक देतात. मुलांच्या अंगावर नुसते क्रमांक, परीक्षकांच्या हातातल्या कागदावरही क्रमांकच. ज्यांचं मूल त्या वयोगटात आहे असा बोर्ड सदस्य त्या गटाच्या कोचच्या चर्चेत बसत नाही. सहायक कोच मात्र संघ ठरल्यावरच नेमतात, आणि तिथे पालक हवेतच. बूट बांधायला, बेंचचं दार उघडायला आणि रडणाऱ्याला समजवायला माणसं लागतात.

तुमचं मत कुठे येतं

शेवटचा सामना झाला की दोन आठवड्यांत तुम्हाला एक फॉर्म येईल. त्यावर सही हवी. निनावी तक्रार आम्ही धरत नाही. पण तुमचं नाव कोचपर्यंत जात नाही. मुलाची सुरक्षितता धोक्यात आहे असं वाटलं तर फॉर्मची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा.

नेमणूक एका सीझनची असते. ज्यांना नकार मिळतो त्यांना आम्ही स्वतः फोन करून कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत असे फोन घेऊन पुढच्या सीझनला तयारीने परत आलेले उमेदवार आज तुमच्या बेंचमागे उभे आहेत.