शोषक कापूस (खानदेशातील देशी रुईच्या संदर्भात)

रुईच्या तंतूंवरील मेण, पेक्टिन व इतर मळ काढून, तिचे विरंजन करून (रंग घालवून तिला पांढरी करून) ती जखमेचा स्राव व पाणी तत्काळ टिपेल अशी केली म्हणजे तिला शोषक कापूस म्हणतात. व्यवहारातले नाव ‘सर्जिकल कॉटन’. निळ्या कागदात गुंडाळलेली त्याची सुरळी दवाखान्यात व घरोघरी परिचित असल्याने उपयोगांचे वर्णन येथे केलेले नाही. खानदेश म्हणजे येथे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

शोषकता हा रुईचा उपजत गुण नव्हे. जिनातून (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रातून) नुकत्याच निघालेल्या रुईचा बोळा पाण्यावर टाकला तर तो तरंगत राहतो. तंतू ज्या द्रव्याचा बनतो त्या सेल्युलोजची घनता सु. १.५४, म्हणजे पाण्याहून बरीच जास्त. तरीही बोळा बुडत नाही, कारण तंतूवरचा मेणाचा पातळ थर पाणी आत शिरू देत नाही व मधली हवा तशीच अडकून राहते. हे मेण वजनाने शेकडा एकाच्या आतबाहेर असते. तीच रुई तेल मात्र लगेच पिते. समईची वात करणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.

उगमाचा प्रश्न या गुणधर्माशी जोडलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ५) शस्त्रकर्माच्या सामग्रीत ‘पिचु’ म्हणजे कापसाचा बोळा येतो, तर अठराव्या अध्यायात व्रणबंधनाच्या द्रव्यांमध्ये क्षौम (जवसाच्या धाग्याचे वस्त्र), आविक (लोकरीचे), कौशेय (रेशमी) इत्यादींबरोबर कार्पास (कापसाचे) सांगितला असून बंधांचे चौदा प्रकार दिले आहेत. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. च्या तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत निरनिराळा मानतात. तिचे आजचे रूप अनेक थरांनी बनले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या उल्लेखांवरून शोषक कापूस प्राचीन भारतात होता असे काही लेखक सुचवितात. ते पटण्याजोगे नाही. आयुर्वेदीय उपचारांत पिचु बहुधा तेला-तुपात भिजवून वापरतात, आणि त्यासाठी मेण न काढलेली, न उकळलेली रुईच सोयीची. जखमेवर कापूस वापरणे आणि कापसाला पाणी पिण्यास लावणे या वेगळ्या गोष्टी होत.

आधुनिक शोषक कापसाचे श्रेय इंग्रजी ग्रंथ बहुधा बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक जोसेफ सॅम्प्सन गॅमजी (१८२८–८६) यांना देतात. त्यांचा याविषयीचा लेख १८८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जर्मन परंपरा ट्यूबिंगेनचे व्हिक्टर फोन ब्रुन्स (१८१२–८३) यांचे नाव पुढे करते. त्यांच्या चरबी काढलेल्या कापसाचे कारखानी उत्पादन पॉल हार्टमान यांनी हायडेनहाइम येथे १८७३ मध्ये सुरू केले. कालक्रम पाहता अग्रमान ब्रुन्स–हार्टमान यांच्याकडे जातो. दोन जाळीदार कापडांमध्ये शोषक कापसाचा थर बसविलेली पट्टी (‘गॅमजी टिश्यू’) ही गॅमजींची खरी देणगी.

कच्चा माल : याबाबतीत खानदेशाचे स्थान लक्षणीय आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा येथील रुईची लांबी वाढविण्याचे सरकारी प्रयत्न झाले. हिंगणघाटी व धारवाड-अमेरिकन बियाणे आणून पाहिले गेले. इंग्लंडातील लँकेशरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता. शेतकऱ्याला सरकी काढल्यावर किती रुई हाती लागते, म्हणजे उतारा, महत्त्वाचा वाटे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पांढऱ्या फुलांची, आखूड व जाड धाग्याची, पण भरपूर उतारा देणारी ‘रोझियम’ (एन. आर.) ही देशी जात येथे पसरली. पुढे मर रोगाला दाद न देणारी ‘जरीला’ आली.

सूतगिरणीने नाके मुरडलेला हा जाड धागाच मलमपट्टीला हवा असतो. देशी कापसाच्या (गॉसिपियम आर्बोरियम) आखूड वाणांची लांबी साधारण २२ मिमी.च्या आत व मायक्रोनेअर (तलमपणाचे माप, आकडा मोठा तितका धागा जाड) ७ च्या आसपास असतो. संकरित अमेरिकन कापसात हेच आकडे साधारण २८ ते ३० मिमी. व ३.५ ते ४.५ असे येतात. जाड तंतू ओला झाल्यावरही दाबातून परत उसळतो, त्यामुळे तंतूंमधल्या पोकळ्या शाबूत राहतात. धरलेले बहुतेक पाणी या पोकळ्यांतच असते. तलम तंतू ओला होताच चेपतो, शिवाय पिंजताना त्याच्या बारीक गाठी होतात. २००२ नंतर बीटी (बोंडअळीला प्रतिकार करणारे जनुक घातलेल्या) संकरित वाणांनी देशी कापसाला शेतातून जवळजवळ हुसकले. परिणामी कारखाने मोठ्या प्रमाणात सूतगिरण्यांतील विंचरणीचा आखूड माल, म्हणजे ‘कोंबर’, वापरतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले धन्वंतरी’ हे देशी वाण शोषक कापूस डोळ्यांसमोर ठेवून पुढे आणलेले आहे.

निर्मिती : रुई मोकळी करून, कचरा झाडून ती ‘किअर’ या बंद पोलादी पात्रात दाबून भरतात व कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा आणि ओलावा आणणारे द्रव्य यांच्या द्रावणात दाबाखाली सु. १२० ते १३० अंश सेल्सिअसला काही तास उकळतात. मेणाच्या काही भागाचा साबण होतो व उरलेले मेण त्या साबणात मिसळून निघते. पात्रातली हवा आधी काढावी लागते, नाहीतर तप्त अल्कलीत ऑक्सिजनमुळे सेल्युलोज तुटून धागा पिठासारखा होतो. पाणी जड असेल तर कॅल्शियमचा न विरघळणारा साबण धाग्यावरच बसतो आणि शोषकता जाते. पाण्यातील लोह विरंजनात हायड्रोजन पेरॉक्साइडचे झपाट्याने विघटन करून धाग्याला खाते. म्हणून बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यात पाणी मृदू करण्याचे यंत्र किअरइतकेच महत्त्वाचे. पुढची धुणे, पिळणे, वाळविणे, पिंजणे व सुरळी करणे ही कामे सूतगिरणीच्या पिंजण खात्यासारखीच होत.

कसोटी : तांब्याच्या तारेच्या, ८ सेंमी. उंच व ५ सेंमी. व्यासाच्या टोपलीत ५ ग्रॅम कापूस भरून ती १० मिमी. उंचीवरून आडवी पाण्यात सोडतात. ती १० सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे आणि १ ग्रॅम कापसाने किमान २३ ग्रॅम पाणी धरले पाहिजे. गिऱ्हाईक मात्र शुभ्रता पाहते. नीळ किंवा चमक आणणारी द्रव्ये घालून ती वाढविता येते, म्हणूनच जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात निळी झळक दिसणारा नमुना बाद करतात.

भारतात शोषक कापूस वैद्यकीय उपकरण म्हणून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतो. त्याविषयीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. बाजारातील सुरळी सहसा निर्जंतुक नसते. शस्त्रक्रियेसाठी ती ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या बंद पात्रात) १२१ अंशांच्या वाफेने निदान १५ मिनिटे तापवितात, किंवा बंद पाकिटातील माल सु. २५ किलोग्रे (प्रारणमात्रेचे एकक) गॅमा प्रारणाने निर्जंतुक केलेला असतो.