रोजनिशी (गांधींच्या आश्रमातील)

दिवसभराचे काम, घडलेल्या चुका आणि व्रते कितपत पाळली याचा हिशेब रोज लिहून ठेवण्याचा गांधींच्या आश्रमातील प्रघात. तो साबरमतीला रुजला आणि पुढे गांधी नजरकैदेत होते त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसपासून बंगालमधील नोआखालीपर्यंत गांधींच्या सोबत्यांबरोबर गेला. एरवी डायरी कुलपात राहते. ही मात्र बरेचदा बापू वाचणार हे धरूनच लिहिली जाई, आणि लिहिणाऱ्याचा नेम टिकण्यात या वाचकाचा वाटा मोठा होता.

येरवड्याच्या तुरुंगातून १९३२ साली आश्रमवासीयांना पाठवलेल्या मजकुरात गांधींनी रोजनिशीवर लिहिले आहे. सत्याची उपासना करणाऱ्यासाठी ती पहारेकरी ठरते, कारण खरे तेच लिहायचे म्हटल्यावर आळसही लपवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. चुकीवर भाष्य करत बसू नये. आज अमक्यावर रागावलो, एवढी नोंद पुरे. भावना ओतायला ही वही नव्हतीच. तिची जात जमाखर्चाच्या कीर्दीची. सूतकताईलाही हाच न्याय होता. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नावे पुकारली जात आणि ज्याने त्याने त्या दिवशी काढलेल्या तारांचा आकडा सर्वांसमक्ष सांगावा लागे.

अशा हिशेबाचा सर्वांत बोलका नमुना रोजनिशीच्या आधीचा आहे आणि तो आहे पत्राच्या रूपात. विनोबा भावे १९१६ मध्ये आश्रमात आले आणि पुढच्याच वर्षी एक वर्षाची रजा घेऊन वाईला गेले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, गीता आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य यांचा अभ्यास केला. रजा संपत आली तेव्हा त्यांनी गांधींना लांबलचक पत्र लिहून वर्षाचा पाढा वाचला. तब्येत सुधारण्यासाठी दहा-बारा मैल चालणे, सहा ते आठ शेर दळण आणि तीनशे सूर्यनमस्कार. गीतेचे वर्ग फुकट चालवले. मुलांनी मजुरीवर दळण दळून वाचनालयाच्या पुस्तकांसाठी पैसे जमवले. मसाले सोडले, मीठही सोडले. दुधाशिवाय राहण्याचा प्रयोग मात्र जमला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे कळवले. जवळ वस्तू किती उरल्या त्याची यादीसुद्धा पत्रात आहे. कुठे शाबासकी मागितलेली नाही, कुठे रडगाणे नाही.

पत्र वाचून गांधी उद्गारले, ‘गोरखने मच्छिंदर को हराया’, म्हणजे शिष्याने गुरूला मागे टाकले. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या फेब्रुवारी १९१८ मधील डायरीत हे आले आहे. उत्तरात गांधींनी आपण विनोबांची परीक्षा घेण्यास असमर्थ असल्याचे कबूल केले आणि त्यांनी स्वतःच केलेले स्वतःचे मोजमाप मान्य करून वडिलांची जागा स्वीकारली. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाला याहून मोठी पावती कोणती मिळायची?

तरीही अशा पावतीवर विसंबून राहणे विनोबांना मानवत नव्हते. नंतरच्या काळात गांधींच्या एका पत्रात स्वतःची भरभरून स्तुती वाचल्यावर त्यांनी ते तिथल्या तिथे फाडून टाकले, अशी आठवण सांगितली जाते. गांधींचे अनुयायी उद्योगपती जमनालाल बजाज यांचे पुत्र कमलनयन त्या वेळी जवळ होते. बापूंनी आपले दोष पाहिलेले नाहीत, मग या स्तुतीचा उपयोग काय, असा विनोबांच्या बोलण्याचा आशय होता.

महादेवभाईंची स्वतःची डायरी या प्रघातात वेगळी पडते. नोव्हेंबर १९१७ पासून ऑगस्ट १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती लिहिली. पण तिच्यात ते स्वतः जवळजवळ नाहीतच, आहेत ते गांधी. १९५५ मध्ये तिला गुजरातीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मनू गांधी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये आली ती आजारी कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी. नात्याने नात लागणारी, वय पंधरा-सोळा, शाळा अर्धवट सुटलेली. तुरुंगातच तिचे धडे सुरू झाले आणि रोज गुजरातीत डायरी लिहिण्याचा शिरस्ताही. गांधी मजकूर वाचत आणि खाली ‘बापू’ अशी सही करत. किती वाजता उठले, काय वाचले, बांची तब्येत कशी होती, अशा साध्या टिपणांखालीही ती सही मिळणे म्हणजे त्या मुलीला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटत असणार. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच वारल्या. पुढे नोआखालीतही मनूची वही चालूच राहिली.

सहीला दुसरी बाजूही आहे. ज्याची भक्ती करायची तोच रोज वही तपासणार असेल, तर मनातले सगळे तिथे उतरेल असे मानता येत नाही. मनूचाही सहभाग असलेल्या, गांधींच्या शेवटच्या वर्षांतील ब्रह्मचर्याच्या प्रयोगांबाबत या डायऱ्यांचा आधार घेताना अभ्यासकांना ही अडचण टाळता येत नाही. सहीमुळे मजकूर अस्सल ठरतो. तो मोकळेपणाने लिहिला होता की नाही, हे सहीवरून कळत नाही. मनूच्या मूळ वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून गांधींचे अभ्यासक त्रिदीप सुहृद यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आहे. १९४३-४४ चा पहिला खंड २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.