परीक्षेच्या तोंडावरच डाएट का मोडतं?

वजन उतरवायचं म्हणून महिनाभर अर्धपोटी राहणारी मुलं-मुली ऐन परीक्षेत खाण्यावर तुटून पडतात. 'मनावर ताबा नाही' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते अन्यायाचं वाटतं.

1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही. मग चव सांगण्याच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं; हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. एरवी भुकेप्रमाणे जेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला राखायचा! पुढच्या प्रयोगांत हा लगाम नुसत्या चिंतेनेही सुटताना दिसला.

मुळात लगाम घालावासा का वाटतो? 1985 मध्ये फॅलन आणि रोझिन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना बारीक ते जाड अशा शरीरांची चित्रं दाखवली. मुलींनी स्वतःला आदर्शापेक्षा बरंच जाड ठरवलं. शिवाय मुलांना किती बारीक मुली आवडतात, याचा त्यांचा अंदाजही चुकला. मुलांची प्रत्यक्ष पसंती तेवढी बारीक नव्हती. मुलगे तेव्हा स्वतःवर खूश होते. आता पिळदार शरीराच्या हव्यासाने त्यांनाही गाठलं आहे.

त्यात ताणाची भर. अचानक दचकल्यावर ॲड्रेनलिन या हार्मोनमुळे भूक मरते, म्हणून पेपरच्या सकाळी घास उतरत नाही. पण ताण आठवडेच्या आठवडे रेंगाळला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं आणि गोड, तेलकट पदार्थांची ओढ वाढते. सगळ्यांचीच नाही, काहींची भूक ताणात शेवटपर्यंत मेलेलीच राहते. जागरणं आणखी घोळ घालतात. शिकागो विद्यापीठात 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं. ही तुलना दोन रात्री दहा तास झोपलेल्या त्याच तरुणांशी होती.

म्हणून परीक्षेच्या काळात नवं डाएट सुरू करू नये, जेवणाच्या वेळा चुकवू नयेत. रात्री जास्त खाल्लं तरी सकाळचा नाश्ता नेहमीसारखाच करावा. उपाशी राहून भरपाई केली की पुन्हा तेच चक्र फिरतं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाब व्हावेत म्हणून औषधं घेणं किंवा पाळी बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावं.