रबात अजॅक्स गोझोचा नाही हो, नाही!

क्विझवाल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, "रबात अजॅक्स हा गोझो बेटावरचा क्लब" हे वाक्य आता पुरे करा. त्याचा भाऊ म्हणजे "व्हिक्टोरिया हॉटस्पर्स माल्टाचे चॅम्पियन झाले". दोन्ही चूक, आणि दोन्हीचं मूळ एकच आहे. (दोन्ही फुटबॉल क्लब, दोन्ही माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या देशातले. गोझो हे त्या देशाचंच धाकटं बेट, आणि हॉटस्पर्स तिथले.)

अ‍ॅमस्टरडॅमच्या अजॅक्स या नामवंत क्लबबद्दल मी काही सांगत बसत नाही, त्यांच्या क्रायफ या खेळाडूपासून सगळं तुमचं पाठ आहे. नाव सोडलं तर यांचा त्यांच्याशी संबंध नाही, ते लाल-पांढरे, हे काळे-पांढरे, विषय संपला. मोरोक्कोची राजधानी रबात तर पार दुसऱ्याच खंडात, तिला यात ओढूच नका.

खरी गोची अशी की माल्टा या चिमुकल्या देशात रबात दोन आहेत. तिकडे रबात म्हणजे तटबंदीबाहेर वाढलेली वस्ती, आपण पेठ म्हणतो ना, साधारण तसंच. आता मुख्य बेटावर जुनी राजधानी म्दिना, चारी बाजूंनी तट, वेशीतून बाहेर पडून थोडं चाललं की रबात लागतं, मध्ये नाव घेण्यासारखं अंतरही नाही. तिकडे गोझोवर टेकडीवर सिटाडेल नावाचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी वस्ती, ती पण रबातच! मग 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, गोझोवाल्या रबातचं बारसं झालं आणि ते व्हिक्टोरिया झालं. नकाशावर झालं हं, लोकांच्या तोंडातून रबात काही गेलं नाही. त्यामुळे गोझोतला माणूस "रबातची मॅच आहे" म्हणाला तर तो हॉटस्पर्सबद्दल बोलत असेल किंवा व्हिक्टोरिया वाँडरर्सबद्दल, अजॅक्सबद्दल नक्कीच नाही. अजॅक्स म्दिनाशेजारच्या रबातचा. (स्लीमा वाँडरर्स आणखी वेगळे, ते मुख्य बेटावरच्या स्लीमाचे. आणि व्हित्तोरिओझा या वेगळ्याच गावच्या व्हित्तोरिओझा स्टार्सला व्हिक्टोरियाचा क्लब म्हणणाऱ्यांशी मी बोलतच नाही.)

बरं, नुसता गावाचा घोळ असता तर मी एवढा वैतागलो नसतो, पण याच्यामुळे पुढचा सगळा हिशोब चुकतो. गोझोची लीग वेगळी आहे! एकाच देशात, फेरीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर अंतरावर, पण स्वतःची असोसिएशन, स्वतःचे डिव्हिजन, स्वतःचं चढणं-उतरणं. ही माल्टाच्या लीगची खालची पायरी नाही, समांतर जिना आहे, आणि त्या जिन्यावरून माल्टाच्या प्रीमियर लीगमध्ये दार उघडत नाही. हॉटस्पर्स गोझोचे चॅम्पियन झाले म्हणजे गोझोचेच झाले, माल्टाचे नाही, आणि त्या जोरावर युरोपच्या क्लब स्पर्धांत जायला मिळत नाही. दोन्ही बेटांचे क्लब समोरासमोर येतात ते एफए ट्रॉफीत, म्हणजे माल्टाच्या कपमध्ये.

याला एक अपवाद सांगतात, गोझो एफसी. ती टीम गोझोची असून माल्टाच्या लीगमध्ये खेळायची आणि 2000-01 ला प्रीमियर लीगमध्येही होती. पण ती वेगळी टीम उभी करून खेळवलेली होती, गोझोच्या लीगमधला कुणी जिंकत जिंकत वर चढला असं नाही. म्हणजे अपवाद म्हणून सांगतात आणि निघतो पुरावा.

आता अजॅक्सचं कौतुक करू द्या, कारण हेच लोक नेमकं विसरतात. 1984-85 ला लीग, 1985-86 ला परत लीग आणि वर कपसुद्धा. लहानशा गावाच्या क्लबने व्हॅलेटा, फ्लोरियाना, स्लीमा असल्या मातब्बरांच्या देशात लागोपाठ दोनदा लीग मारली! त्यानंतर एकदाही जमलं नाही, ते सोडा. तेव्हाच्या युरोपियन कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेत, चॅम्पियनला सरळ एंट्री असायची आणि पहिल्या राऊंडपासून नॉकआऊट, आजच्यासारखी छोट्यांना चाळणी लावणारी क्वालिफायरची रांग नव्हती. म्हणून 1986 ला यांच्या पदरात थेट पोर्तुगालचे पोर्तो पडले. दोन सामन्यांपैकी पहिल्या लेगला 9-0 खाल्ले. लोक इथेच हसून थांबतात, दुसऱ्या लेगचा स्कोअर कुणी बघत नाही. तो फक्त 1-0 होता, हरले, पण एकच खाल्ला! आणि तेच पोर्तो मे 1987 ला व्हिएन्नातल्या फायनलमध्ये आपल्या मादजेरने टाचेने मारलेल्या त्या गोलनंतर जर्मनीच्या बायर्नला 2-1 हरवून कप घेऊन गेले.

तर पुढच्या वेळी प्रश्न काढताना असा काढा: 1987 च्या युरोपियन चॅम्पियनने पहिल्या राऊंडला कुणाला हरवलं? उत्तर रबात अजॅक्स, बेट माल्टा. कुणी गोझो म्हणालं तर अर्धा मार्कसुद्धा देऊ नका.