पहिली बाग आणि रिकामी संध्याकाळ

घरी पहिल्यांदाच लावलेली फुलझाडे बहुधा दुर्लक्षामुळे मरत नाहीत, अतिकाळजीमुळे मरतात. नवी कुंडी आली की घरातला प्रत्येक जण येता-जाता तिला पाणी घालतो, आणि आठवड्याभरात रोप पिवळे पडू लागले की ते तहानलेले असावे असे समजून आणखी पाणी घातले जाते. वास्तविक त्या वेळी रोपाची मुळे गुदमरत असतात. मुळांना श्वसनासाठी लागणारा ऑक्सिजन मुख्यतः मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळांना पाणी नीट शोषता येत नाही, आणि म्हणूनच पाण्यात उभे असलेले रोपही तहानलेल्या रोपासारखीच मान टाकते.

निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची सवय सर्वत्र दिसते, पण तिचा उपयोग उलटाच होतो. मातीच्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. खाली खड्यांच्या मोठ्या पोकळ्या आल्या की ते पाणी सहजासहजी खाली उतरत नाही आणि वरच्या मातीच्या तळाशी साचून राहते. म्हणजे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, तो फक्त मुळांच्या आणखी जवळ सरकतो. त्यापेक्षा तळाला मोकळी छिद्रे असलेली कुंडी आणि कुजलेले खत मिसळलेली भुसभुशीत माती पुरेशी असते. पाणी द्यावे की नाही, हे दोन पेरे बोट मातीत खुपसून ठरवावे आणि द्यायचे झाल्यास ते सकाळी द्यावे. पानांवर उडालेले पाणी दिवसा वाळून जाते, रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर मात्र बुरशी सहज धरते. असे केले की संध्याकाळी बागेत करण्यासारखे काही उरत नाही, आणि पहिल्या बागेची आखणी या रिकाम्या संध्याकाळपासूनच सुरू करावी, असे मला वाटते.

फुलझाडे निवडताना रंगाचा विचार सगळे करतात, वेळेचा फारसा कोणी करत नाही. चिनी गुलाबाची फुले उन्हात उमलतात आणि बहुतेक दुपारनंतर मिटून जातात. जे कुटुंब संध्याकाळीच घरी एकत्र येते, त्याला या झाडाच्या फक्त मिटलेल्या कळ्या पाहाव्या लागतात. झेंडू दिवसभर फुललेला असतो आणि नवशिक्याच्या चुकाही सोसतो. त्याचे बी साधारण आठवड्याभरात उगवते. रोप वीतभर वाढले की त्याचा शेंडा खुडावा. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या बगलेतल्या कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा गेला की त्या कळ्या जाग्या होतात आणि एकाच दांड्याऐवजी अनेक फांद्यांचे, म्हणजेच अधिक फुलांचे झुडूप तयार होते. सुकलेली फुले काढून टाकण्यामागेही असाच हिशेब आहे: बी धरण्यात खर्च होणारे अन्न नव्या कळ्यांना मिळते. मुलांना झेंडूचे एक फूल सोडवायला द्यावे. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्यक्षात एक स्वतंत्र चिमुकले फूल असते, आणि अख्खा झेंडू हा अशा अनेक फुलांचा गुच्छ असतो.

संध्याकाळसाठी मात्र गुलबक्षी हवी. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती दुपार कलल्यावर उमलते, अंधार पडताना सुगंध सोडते आणि सकाळी मिटते, कारण लांब सोंडेचे पतंग तिचे परागण करतात आणि ते संधिप्रकाशातच बाहेर पडतात. तिला खऱ्या पाकळ्या नसतात. तो रंगीत कर्णा म्हणजे निदलपुंज, म्हणजेच इतर फुलांत पाकळ्यांच्या बाहेर असणारे बहुधा हिरवे आवरण असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी हिरव्या-पांढऱ्या पानांच्या गुलबक्षीवर काम करून १९०९ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. पांढऱ्या फांदीवरच्या फुलांना हिरव्या फांदीवरचे पराग दिले तरी बियांतून पांढरीच रोपे येत आणि हरितद्रव्याअभावी ती लवकरच मरत. पानांचा रंग फक्त मातेकडून येत होता. पेशींतल्या हरितद्रव्य धारण करणाऱ्या हरितलवकांना स्वतःचे डीएनए असते, हे त्यानंतर काही दशकांनी उलगडले.

अशा बागेत नुसते बसल्याने मनाला खरेच विसावा मिळतो का? नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीस हौशी बागकाम करणाऱ्यांना आधी ताण येईल असे काम दिले गेले आणि नंतर अर्धा तास काहींना बागकाम, तर काहींना घरात बसून वाचन करायला सांगितले गेले. लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, दोन्ही गटांत उतरले, पण बागकाम करणाऱ्यांत ते अधिक उतरले. अर्थात ही मुळातच बागेची आवड असलेली थोडी माणसे होती, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठी इमारत उभारू नये. रेचल आणि स्टीफन कॅपलान या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले स्पष्टीकरण मला अधिक पटते: दिवसभर प्रयत्नपूर्वक एकाग्र केलेले लक्ष थकते, आणि हलणारे पान किंवा उमलती कळी ते लक्ष बळजबरी न करता गुंतवून ठेवते, तेवढ्यात त्याची थकावट भरून येते. घरातली चार माणसे एकाच कळीकडे पाहत बसली की बोलणे आपोआप सुचते, आणि नाही सुचले तरी कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

गुलबक्षीचे बी काळे आणि मिऱ्याएवढे असते. ते आणि तिचे मूळ विषारी असल्याने लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलांचे झाड येते. अशा झाडाचे स्वपरागणातून धरलेले बी पेरले, तर त्यातून लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही झाडे साधारण १:२:१ या प्रमाणात येतात. कुंड्यांवर प्रत्येकाने आपापला अंदाज लिहून ठेवावा आणि पहिली कळी उमलेपर्यंत वाट पाहावी. एखाद्या पतंगाने दुसऱ्याच झाडाचे पराग आणून टाकले असतील, तर सगळ्यांचेच अंदाज चुकतील.