दुसऱ्या गाडीचं जुनं एअरबॅग मॉड्यूल बसवताय? गाडीतून निघालेलं मूळ मॉड्यूल आधी सांभाळा
(आमचे ग्राहक आणि गॅरेजवाल्या मित्रांसाठी माहितीपत्रक)

एअरबॅग केव्हा उघडायची ते ठरवणारी डबी म्हणजे एअरबॅग मॉड्यूल. या कामासाठी आम्हाला येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो: "भाऊ, दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल आणून ठेवलं आहे. एअरबॅगचा लाइट जाऊनच नाही राहिला. कोडिंग करून देता का?" आम्ही विचारतो, गाडीतून निघालेलं मूळ मॉड्यूल कुठे आहे? आणि काम तिथेच अडतं. कोणी ते जुन्या पार्टवाल्याला बदल्यात देऊन शंभर-दोनशे रुपये कमी करून घेतलेले असतात. कोणाच्या डेंटरने बंपरच्या तुकड्यांसोबत ते कबाडीला दिलेलं असतं.

घाईत असाल तर एवढंच वाचा. दुसरं मॉड्यूल हातात आलं तरी मूळ मॉड्यूल कोणालाही देऊ नका. जळालेलं असो, पाण्यात गेलेलं असो, चेपलेलं असो, ते आमच्यापर्यंत येऊ द्या.

मूळ मॉड्यूल का लागतं?

कन्सोलच्या आत, गिअर लिव्हरच्या आसपास फ्लोअरला बोल्टने आवळलेली ही छोटी डबी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आत धक्का मोजणारा सेन्सर असतो, बॅटरी तुटली तरी क्षणभर वीज पुरवणारे कपॅसिटर असतात आणि एक मेमरी असते. आमचं सगळं काम या मेमरीशी. बऱ्याच गाड्यांत तिच्यात त्या गाडीचा चेसिस नंबर लिहिलेला असतो. गाडीला एअरबॅग किती, कोणत्या सीटच्या बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळून धरणारा भाग), साइडचे सेन्सर आहेत की नाहीत, हेही तिथेच असतं. आणि अपघातात एअरबॅग उघडली की त्याची नोंदही तिथेच पक्की होते. ही नोंद साध्या स्कॅनरने 'क्लिअर' दाबून जात नाही. म्हणूनच चार ठिकाणी स्कॅनर मारूनही डॅशबोर्डवरचा लाइट तसाच राहतो.

दुसऱ्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल आपल्यासोबत त्या गाडीचा चेसिस नंबर आणि त्याच गाडीची रचना घेऊन येतं. तुमच्या गाडीची माहिती त्यात उतरवायची, तर ती कुठून तरी वाचावी लागते. मूळ मॉड्यूल असलं की आम्ही त्याची मेमरी वाचून तिची प्रत ठेवतो आणि मगच दुसऱ्यावर काम करतो. मूळ हरवलं असेल तर गाडीच्या इतर कंट्रोलरमधून आणि पार्ट नंबरवरून माहिती जुळवत बसावं लागतं. काही मॉडेलमध्ये हे होतं, काहींमध्ये होतच नाही. एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं, आणि त्या आठवड्याचं बिल द्यायला कोणालाच आवडत नाही.

"प्लग तर बसला!"

प्लग बसला म्हणजे मॉड्यूल जुळलं, असं नाही. एकाच गाडीच्या बेस आणि टॉप मॉडेलला दिसायला एकसारखं मॉड्यूल असू शकतं. दोन एअरबॅगच्या गाडीत सहा एअरबॅगचं मॉड्यूल लावलं की ते नसलेल्या चार एअरबॅग शोधत बसतं आणि लाइट पेटलेलाच राहतो. हे त्यातल्या त्यात बरं, कारण निदान कळतं तरी. उलटं झालं तर जास्त धोका. सहा एअरबॅगच्या गाडीत दोनवालं लावलं, तर त्या मॉड्यूलला बाजूच्या एअरबॅग माहीतच नसतात. लाइट विझू शकतो, मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो, आणि बाजूने धडक बसली तर बाजूच्या एअरबॅग उघडणार नाहीत.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आली, आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना त्याच वर्षाअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्यामुळे या काळातल्या एकाच नावाच्या गाड्यांत एक एअरबॅगवाली, दोनवाली अशा दोन्ही सापडतात. जुन्या पार्टवाल्याला फक्त "अमुक गाडीचं, २०१९ चं मॉड्यूल द्या" म्हणणं पुरेसं नाही. मूळ मॉड्यूलवरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. तो फोटो आधी आम्हाला पाठवलात तर घ्यायचं की नाही ते आम्ही सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.

पाण्यातल्या गाड्यांचे पार्ट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आपल्या नागपुरात किती गाड्या बुडाल्या ते वेगळं सांगायला नको. मॉड्यूल फ्लोअरवर असतं, म्हणजे गाडीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी भिजणाऱ्या पार्टमध्ये ते येतं. बुडालेल्या गाड्या शेवटी भंगारात जातात, पार्ट सुटे होतात आणि पुसून विकले जातात. नागपुरातच नाही, दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून आलेल्या मालाचंही तेच. घेताना प्लगच्या पिना उजेडात बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, स्टिकर फुगलेला असला किंवा बोल्ट बसतो त्या कानावर गंज असला, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

बऱ्याचदा दुसरं मॉड्यूल लागतच नाही

हे सांगून आम्ही आमचंच एक गिऱ्हाईक कमी करतो, पण खरं आहे. एअरबॅग उघडली, पण मॉड्यूलचा बोर्ड शाबूत आहे, अशी मॉड्यूल आमच्याकडे कायम येतात. त्यातली अपघाताची नोंद काढून तेच मॉड्यूल परत लावता येतं. चेसिस नंबर त्याच गाडीचा, रचना त्याच गाडीची, इतिहासही आपल्याला माहीत असलेला. वापरलेल्या पार्टपेक्षा हे आम्हाला कधीही बरं वाटतं. कबाडीला गेलेलं मॉड्यूल म्हणूनच आम्हाला जास्त खुपतं.

आता आमची बाजू. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं साधारणपणे असं असतं, की एअरबॅग उघडली की मॉड्यूल नवंच टाका. हे आम्ही लपवत नाही, प्रत्येकाला आधी सांगतो. गाडीचा फुल इन्शुरन्स असेल तर क्लेममधून कंपनीत नवं बसवून घ्या, आमच्याकडे येऊ नका. क्लेम चालू असेल आणि सर्व्हेअरने गाडी पाहिली नसेल, किंवा पोलीस केस असेल, तर आम्ही मेमरीला हातही लावत नाही. आमच्याकडे येतात ते थर्ड पार्टीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे मालक, नव्या पार्टसाठी महिनोन्‌महिने थांबलेले लोक, आणि पार्टची किंमत गाडीच्या किमतीच्या जवळ गेली म्हणून हतबल झालेले लोक. त्यांची गाडी एअरबॅगशिवाय फिरण्यापेक्षा नीट तपासून चालू केलेली बरी, असं आमचं मत आहे.

हे आम्ही करत नाही

उघडलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून लाइट विझवणं. मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या वायरिंगचा रेझिस्टन्स तपासत असतं, तो साधारण दोन-तीन ओहम असतो. तेवढा रेझिस्टर जोडला की मॉड्यूल फसतं आणि लाइट जातो, पण स्टिअरिंगच्या झाकणामागे काहीच नसतं. आधी हेच काम करून आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. जुनी गाडी विकत घेत असाल तर इग्निशन ऑन करून बघा: एअरबॅगचा लाइट काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बहुधा कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. रेझिस्टर लावलेला असेल तर मात्र तो यातून कळणार नाही.

एअरबॅगही आम्ही वापरलेली विकत किंवा बसवत नाही. ती फुगवणारा आतला इन्फ्लेटर म्हणजे स्फोटक असतं. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडलं आणि जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात किती वर्षं उभी होती हे माहीत नसलेल्या गाडीची एअरबॅग आम्ही कोणाच्याही तोंडासमोर लावणार नाही.

मॉड्यूल रीसेट करण्याआधी एअरबॅग, उडालेले प्रीटेन्शनर, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगला वायरिंग जोडून ठेवणारी पट्टी) आणि समोरचे सेन्सर बदललेले आहेत का, हे आम्ही विचारतो. ते नसतील तर आमचं काम झाल्यावरही लाइट येईल आणि शिव्या आम्हाला बसतील. हॉर्न वाजत नसेल तर बहुधा क्लॉक स्प्रिंगच गेली असते. अपघात नसताना लाइट आला असेल, विशेषतः सीट कव्हर बसवल्यानंतर किंवा सीट काढून धुतल्यानंतर, तर आधी सीटखालचा पिवळा प्लग बघून घ्या. त्याला मॉड्यूल लागत नाही.

गॅरेजवाल्या भावांसाठी

बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं थांबा. आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. कंपनीचं मॅन्युअल याहून जास्त वेळ सांगत असेल तर तेवढं थांबा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावू नका, मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते. मॉड्यूल बोल्टने आवळल्याशिवाय बॅटरी जोडून इग्निशन ऑन करू नका. बसवताना वरच्या बाणाची दिशा मूळ मॉड्यूल होतं तशीच ठेवा आणि मॉड्यूलच्या कानांखालची जागा सपाट, स्वच्छ आहे ना ते बघा. फ्लोअर वाकलेला असेल तर आधी डेंटिंग, मग मॉड्यूल.

आणताना

मूळ मॉड्यूल, घेतलं असेल तर दुसरं मॉड्यूल, आरसीची प्रत आणि काय काय बदललं त्याची यादी. आरसी मागतो म्हणून काही जण रागावतात, पण चोरीच्या गाडीचं काम आमच्या हातून व्हायला नको, म्हणून ती लागतेच. तपासणीचे पैसे सुरुवातीला घेतो आणि काम झालं तर बिलातून वजा करतो. आम्ही दिलेल्या मॉड्यूलची हमी लिहून देतो. तुम्ही बाहेरून आणलेल्याची फक्त आमच्या प्रोग्रॅमिंगची, आतल्या पार्टची नाही.

वर्धा, भंडारा, उमरेड, काटोलहून पार्सलने पाठवता येतं. बबल रॅपमध्ये गुंडाळून कडक खोक्यात घाला, पिनांवर टेप चिकटवू नका. आत एका कागदावर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि तुमचा फोन नंबर लिहा. शनिवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सवर टाकू नका, रविवारी आम्ही बंद असतो आणि पार्सल ऑफिसात पडून राहतं.